चारठाण्याची पायवाट

हिमप्रदेशांतील लोक हिवाळ्यात पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून आणि हातांत दोन काठ्या घेऊन रानोमाळ मैलोगणती घसरत हिंडतात, व अमेरिकेत साराटोगा येथे ज्या रणक्षेत्रावरील लढायांनंतर 1777 साली इंग्रज सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली, त्या ऐतिहासिक उद्यानाच्या वाटांवरही हा छंद चालतो, हे ऐकून परभणीकरास हसू आल्यास नवल नाही. थंडीचे आम्हांस वावडे नाही. 2018 च्या डिसेंबरअखेरीस कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. बर्फ मात्र आमच्या नशिबी नाही. तथापि त्या हिमवाटांवरचा एक शिरस्ता आम्ही खुशाल उसना घ्यावा असा आहे. पट्ट्यांसाठी आखलेली चाकोरी तेथे पायी चालणाऱ्याने तुडवायची नसते. उतारावरून येणाऱ्यास वाट द्यायची असते. आणि जो पडेल त्याने आधी बाजूला होऊन, आपल्या पडण्याने झालेला खड्डा बुजवून, मगच पुढे निघायचे असते. चालणाऱ्याचा बचाव आणि वाटेचा बचाव या दोन गोष्टी तेथे वेगळ्या मानीत नाहीत. पुरातन वास्तूंमधून हिंडताना नेमकी हीच दृष्टी हवी, आणि तिची गरज पटवून घेण्यास जिंतूर तालुक्यातील चारठाण्याहून चांगले स्थळ आमच्या जिल्ह्यात दुसरे नाही.

जिंतूरहून जालन्याकडे जाणाऱ्या वाटेवरील हे गाव यादवकालीन शिल्पवैभवाबद्दल जाणत्यांना परिचित आहे. गोकुळेश्वराचे देऊळ व त्याच्या सन्निध असलेली पायऱ्यापायऱ्यांची बारव, जोगवाडा, उकंडेश्वर, खुराचे देऊळ आणि कोणी मानस्तंभ तर कोणी कीर्तिस्तंभ म्हणतात तो उंच कोरीव स्तंभ, ही सारी एखाद्या कुंपणाच्या आत नांदत नाहीत. ती वस्तीत विखुरलेली आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे जाणारी वाट कोणाच्या ओसरीपुढून, कोणाच्या गोठ्यामागून जाते. निजामी अमलात 1914 साली पुराणवस्तू खाते स्थापन होऊन गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठा-वेरूळचा बंदोबस्त झाला. परंतु खेडोपाडीच्या देवळांचा खरा पहारा गावकऱ्यांनीच केला, आणि आजही तोच चालू आहे. म्हणून परक्या माणसाने प्रथम पारावरच्या म्हाताऱ्याला रामराम करून वाट विचारावी. कोणत्या भिंतीत यंदा साप निघाला, हे कोणत्याही फलकाहून त्यालाच अधिक माहीत असते.

हेमाडपंती म्हणून जी बांधणी आपण ओळखतो, तिच्यात चुन्याच्या दरजा नसतात. घडीव दगड परस्परांत खाचा घालून, केवळ आपल्या भाराने एकमेकांस आवळून बसविलेले असतात. शतकांच्या पावसाने व झाडांच्या मुळ्यांनी तो तोल जागोजागी ढळला आहे. छायाचित्राच्या हौसेने एखादा तरुण कोसळत्या मंडपावर चढतो, तेव्हा त्याच्या पायाखालचा दगड त्याला आणि तो त्या दगडाला एकाच क्षणी धोक्यात घालीत असतो. वाटेत पालथी पडलेली शिळासुद्धा पायठणी समजू नये. तिच्या खालच्या अंगावर एखादी सुरसुंदरी असू शकते, आणि तिच्या आश्रयाला विंचूही.

बारवांविषयी अधिक बजावून सांगितले पाहिजे, कारण चारठाण्याप्रमाणेच पिंगळी, आर्वी आणि विशेषतः वालूर येथील बारवा हल्ली लोकांच्या कौतुकाचा विषय झाल्या आहेत. वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने गाळ उपसून मोकळी केली, ही या जिल्ह्याने अभिमान बाळगावा अशी कृती होय. बारवेच्या पायऱ्या उंच व अरुंद असतात, पाण्यालगतच्या पायरीवर शेवाळ असते, आणि ते वाळलेले दिसले तरी पाय ठेवताच निसटते. भिंतीच्या अंगाने, पाऊल आडवे टाकीत उतरावे. पोहता येत नसेल तर शेवटच्या कोरड्या पायरीवर थांबावे. लेकरांचा हात सोडू नये.

आणखी एक शत्रू वर असतो. पडक्या शिखरांच्या वळचणीस आग्या मोहोळ लागलेले असते. तेथे विडी ओढणे, उदबत्तीचा धूर करणे, आरोळ्या ठोकणे हे आपल्याच हाताने संकट बोलावणे होय. माशा उठल्याच तर तोंड उपरण्याने झाकून दूर पळावे, बारवेत उडी मारू नये. माशा पाण्यावर घोंघावत राहतात आणि मनुष्य आत गुदमरतो.

ऋतूचा विचार न करणारा येथे फसतो. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल जोड्याला असा चिकटतो की पांदणीतून चार पावले टाकताच पाय मणाचा होतो; उन्हाळ्यात तेच रान भेगाळते आणि भेगेत घोटा अडकतो; शिवाय वैशाखात दुपारी हिंडणे हे साहस नसून अविचार आहे. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. उन्हे चढण्यापूर्वी गोकुळेश्वरापासून आरंभ करावा, पाण्याची बाटली भरलेली असावी, आणि दिवस हाताशी उरला तर जिंतूरजवळच्या नेमगिरी टेकडीवरील जैन लेण्यांकडे वळावे. तेथील दारे इतकी ठेंगणी आहेत की उंच माणसाने कपाळ सांभाळूनच आत शिरावे. आणि अवकाळीचे ढग जमून पहिला गडगडाट कानी आला, तर दर्शन अर्धे राहिले तरी टेकडी उतरू लागावे, एकट्या झाडाखाली मात्र थांबू नये.