नर्मदा खाली, इंदूर वर

नळाला येणारं पाणी कुठलं, असं इंदूरमध्ये विचारलं तर लहान मूलही 'नर्मदेचं' असं सांगेल. पण आपल्या गच्चीवर पडणारा पाऊस नर्मदेला मिळत नाही. तो कान्ह नदीतून क्षिप्रेला आणि पुढे चंबळ, यमुना, गंगा असा फिरत थेट बंगालच्या उपसागराला जातो. नर्मदा इतकी जवळ असताना असं का व्हावं?

याचं उत्तर जमिनीच्या पोटात आहे. विंध्य आणि सातपुडा यांच्यामध्ये भूकवचाला फार जुन्या भेगा आहेत. अशा भेगांवर खडक सरकले की त्यांना भ्रंश म्हणतात. इथे दोन्ही बाजू उंच राहिल्या आणि मधला पट्टा खोलगट झाला. नर्मदेला ही आयती वाट मिळाली. म्हणून गोदावरी, कृष्णा, कावेरी पूर्वेकडे वाहतात, तर नर्मदा अमरकंटकहून निघून १३१२ किलोमीटर पश्चिमेला जात भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. ही हालचाल आजही पूर्ण थांबलेली नाही. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप याच पट्ट्यातला.

माळव्याचं पठार उत्तरेकडे हळूहळू उतरतं, दक्षिणेला मात्र एकदम कडा आहे. महूहून मंडलेश्वरला जाताना जाम दरवाज्यापाशी थांबून पाहा. मागे सपाट माळवा, समोर खोल खाली निमाड. पाण्याची वाटणी याच कडेवर होते. जानापावच्या डोंगरातून चंबळ उत्तरेला निघते, तर चोरल दक्षिणेला नर्मदेकडे उतरते.

निसर्गाने केलेली ही वाटणी आपण पंप लावून उलटी फिरवतो. १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूद इथून सुमारे ७० किलोमीटर पाइपातून नर्मदेचं पाणी घाट चढून इंदूरला येतं. नदीपेक्षा आपलं शहर चारशे मीटर उंच! २०१४ पासून क्षिप्रेतही नर्मदेचं पाणी सोडलं जाऊ लागलं आणि २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी त्यातच स्नान केलं.

म्हणजे आपल्या प्रत्येक बादलीमागे घाट चढवण्याची वीज आहे. पावसाचं पाणी मात्र फुकट घरी येतं आणि आपण ते गटारात सोडतो. गच्चीचा पाइप बोरिंगशेजारच्या शोषखड्ड्यात वळवणं, बिलावली आणि सिरपूरचे तलाव सांभाळणं एवढं तरी आपल्या हातात आहे. डोंगर आपण हलवू शकत नाही, पण आपल्या वाट्याला आलेलं पाणी नक्कीच अडवू शकतो.