कामाची मांडणी बदला, मग बघा

पडघ्यात मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या एखाद्या मोठ्या गोदामात शिरा. रॅकला नंबर, रॅकमधल्या खणाला नंबर, खणातल्या वस्तूवर बारकोड. हातातला स्कॅनर सांगतो, या खणातून दोन नग घे. घेतले की पुढचा खण. अंदाज बांधायचा नाही, साहेबांच्या मनात काय आहे ते ओळखायचं नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना काम कसं शिकवावं, याचं निम्मं उत्तर त्या रॅकवर लिहिलेलं आहे!

ते कसं, हे कळायला सायकलच्या ब्रेकपासून सुरुवात करू. 1972 साली अमेरिकेत मार्क गोल्ड या संशोधकाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मध्यम ते तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेले 64 जण होते. अशा मुलांकडून तेव्हा अगदी किरकोळ कामांपलीकडे कुणी फारशी अपेक्षा ठेवत नसे. गोल्ड यांनी त्यांच्यासमोर सायकलचा ब्रेक ठेवला, सुटा करून. भाग क्रमाने ट्रेच्या कप्प्यांत मांडले आणि निम्म्या मुलांसाठी प्रत्येक भागाची एक बाजू रंगवली. रंग आपल्याकडे दिसतोय? म्हणजे भाग बरोबर बसला. एवढंच. रंगवलेले भाग मिळालेली मुलं कितीतरी लवकर शिकली. मग समोर आला 24 भागांचा दुसरा ब्रेक, त्यावर रंगाचा ठिपकाही नाही. तोही जवळपास सगळ्यांनी जोडला. मुलं तीच होती, बदलली होती फक्त मांडणी.

ही मुलं स्वमग्न म्हणून निवडलेली नव्हती. पण स्वमग्नांच्या बाबतीतही हीच किल्ली लागते, हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांच्या ‘टीच’ कार्यक्रमातून दिसलं. तिथे कामाच्या टेबलाने चार प्रश्नांची उत्तरं न बोलता द्यायची असतात. काय करायचं? किती करायचं? संपलं हे कशावरून कळेल? आणि मग पुढे काय? डावीकडे करायच्या कामाच्या टोपल्या, उजवीकडे झालेल्या कामाची पेटी. डाव्या टोपल्या रिकाम्या झाल्या की काम संपलं. पंगतीच्या ताटात मीठ कुठे, चटणी कुठे, भाजी कुठे हे वाढप्याला सांगावं लागतं का? ताटातली जागाच सांगते. तोंडी सूचना बोलता बोलता हवेत विरून जाते. डोळ्यांना दिसणारी सूचना हवी तितकी वेळ तिथेच थांबते. अनेक स्वमग्न मुलांसाठी सगळा फरक इथे पडतो.

मग शाळेतच असं टेबल मांडून सगळं शिकवून टाकलं तर? इथे मोठी अडचण आहे. वर्गात शिकलेलं कौशल्य नव्या जागी आपोआप सोबत येत नाही. म्हणून शाळेचं शेवटचं वर्षच कामाच्या जागी न्यायचं, अशी शक्कल 1996 मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात निघाली. पॉल वेहमन आणि सहकाऱ्यांनी व्हर्जिनियात ती खास स्वमग्न तरुणांसाठी वापरली. रुग्णालयातच वर्ग, रुग्णालयातच काम, सोबतीला प्रशिक्षक. 2014 मध्ये निष्कर्ष छापून आले. या वाटेने गेलेल्या 24 जणांपैकी 21 जणांना नोकरी लागली. नेहमीच्या शिक्षणात राहिलेल्या 16 जणांपैकी किती जणांना? एकाला!

एवढी तफावत शिक्षणाच्या क्षेत्रात क्वचितच दिसते, आणि ती पाहून मला राहवत नाही. आपल्याकडची बरीच प्रशिक्षण केंद्रं अजूनही मेणबत्त्या आणि कागदी पिशव्यांपाशी थांबतात. या वस्तू वाईट नाहीत, पण खऱ्या ग्राहकाची, खऱ्या वेळेची ओढ त्यात कमी असते. याउलट मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी जेवणाचे डबे पुरवले आणि 2018 मध्ये ‘कॅफे अर्पण’ उघडलं. सुषमा नगरकर आणि आशयता महाजन यांनी उभ्या केलेल्या या कॅफेत स्वमग्न आणि बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसं पगारावर काम करतात.

गोदामातही हे जमेल? प्रत्येकाला नाही. फोर्कलिफ्टचा भोंगा एखाद्याला असह्य होईल. त्याला कानावर हेडफोन आणि रोज तोच शांत कोपरा लागेल. आणि मुलाखत? ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नापाशीच कित्येक जण अडकतात. डेन्मार्कमध्ये स्वतःच्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर थोर्किल सोने यांनी 2004 मध्ये ‘स्पेशलिस्टर्ना’ ही कंपनी काढली. तिथे मुलाखतीऐवजी उमेदवारांना लेगोचे रोबो बांधायला देत. बोलू नका, करून दाखवा!

ज्याला कॉलेजात जायचंय त्याच्यासाठीही दार आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये ऑटिझम स्वतःच्या नावानिशी आहे. किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के जागा राखीव आणि वयोमर्यादेत 5 वर्षांची सूट. अपंगत्वाचे हे टक्के येतात कुठून? भारतातच तयार झालेल्या ‘इसा’ चाचणीतून. तिच्यात 40 बाबी, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. लेखी परीक्षेत गरजेनुसार लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळू शकतात. बारावीच्या सहा विषयांचं ओझं एकदम पेलत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान आहे. तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी, आणि झेपेल तसा एकेक विषय सुटत जातो. यावेळी चित्रकला, पुढच्या खेपेला गृहविज्ञान, मग संगणक.