चिनी हुनर, इंडियाचे नाव

भिंतीला रंग द्यावा की वॉलपेपर लावावा, हा प्रश्न आता आपल्या घरांतही निघतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र चिनी वॉलपेपर फक्त उमरावांनाच परवडे.

चीनच्या कँटन बंदरात, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, कारागीर तो हाताने रंगवीत. फुललेली झाडे, बांबू, पक्षी, फुलपाखरे! छापील कागदासारखी तीच नक्षी पुन्हा पुन्हा येत नसे. एकच बाग चारी भिंतींवर पसरत जाई. गंमत अशी, की चिनी लोक स्वतःच्या घरी असा कागद सहसा लावत नसत. ते भिंतीला साधा कागद चिकटवीत आणि चित्र हवे तर गुंडाळीचे टांगत. हा माल परदेशी गिऱ्हाइकांसाठीच तयार होई.

तो ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येई, म्हणून इंग्रज त्याला ‘इंडिया पेपर’ म्हणत! आपल्या देशाला फुकटचे श्रेय मिळाले. रंगवणाऱ्या बहुतेकांची नावे मात्र कुठेच उरली नाहीत. कागद भिंतीवर लावणाऱ्या थॉमस चिपेंडेलचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे.

लीड्सजवळच्या टेम्पल न्यूसम हवेलीत तर मालकीणबाईंनी ऑड्युबॉनच्या अमेरिकन पक्ष्यांच्या महागड्या ग्रंथातली चित्रे कापून चिनी झाडांवर चिकटवली. पुस्तकाला कात्री म्हटले की आम्हा शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, पण ते पक्षी तिथे शोभतात हे खरे.

हेअरवूड हवेलीतला चिपेंडेलच्या काळचा कागद पुढे काढून टाकला गेला. १९८८ मध्ये त्याच्या गुंडाळ्या सापडल्या. दुरुस्तीनंतर तो पुन्हा भिंतीवर चढला आहे.