नाव नसलेला प्रश्न

संसदेच्या लोकलेखा समितीची बैठक बंद दाराआड होते. तिथे ना कॅमेरा, ना पत्रकार कक्ष. आमच्या हाती पडतो तो छापील अहवाल. हे अहवाल मी वर्षानुवर्षं वाचतो आहे आणि दर वेळी आधी हेच शोधतो, की सचिवांना कोंडीत पकडणारा प्रश्न कुणाचा? उत्तर मिळत नाही. समितीने विचारलं आणि मंत्रालयाने लेखी कळवलं, एवढंच तिथे असतं. कुठल्या पक्षाच्या खासदाराने विचारलं, याचा पत्ता नाही.

हे मला फार मोलाचं वाटतं. समितीत लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7 सदस्य; मंत्र्याला जागा नाही. 1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे जातं. मिनू मसानी त्यातले पहिले. बहुमत मात्र बहुधा सत्ताधाऱ्यांचं. त्यामुळे एकट्याने रेटून कुणाचंच भागत नाही. कॅगचा, म्हणजे महालेखापरीक्षकांचा आक्षेप, मंत्रालयाला प्रश्नावली, सचिवांची साक्ष आणि मग मसुदा, असा क्रम. मसुदा किरकोळ बदलांसह स्वीकारला, अशी ओळ इतिवृत्तात अनेकदा असते. खरी घासाघीस त्या 'किरकोळ' बदलांमागे झालेली असते. कुठे एखादं विशेषण सौम्य होतं, पण दोष ज्याचा त्याच्या पदरात राहतो आणि त्याखाली सगळ्यांची संमती असते. भिन्नमतपत्रिका जोडण्याची इथे रीत नाही.

ही वीण उसवतेही. 2011 मध्ये टू-जी स्पेक्ट्रमच्या मसुद्यावर समिती उभी फुटली. समितीचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांनी तो लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला आणि त्यांनी तो परत केला. एवढ्या मोठ्या प्रकरणावर समितीचा एक आवाज उमटला नाही, हे नुकसान देशाचं.

एकमताच्या शिफारशीला वजन असतं. सरकारला सहा महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि उत्तर पटलं नाही तर समिती तसं पुढच्या अहवालात छापते. मंत्र्यालाही ते विरोधकांचं कारस्थान म्हणून झटकता येत नाही, कारण त्यावर त्याच्याच पक्षाच्या खासदारांची मोहोर असते.

हे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. शेवटी जोडलेल्या इतिवृत्तात बैठकीला हजर असलेल्यांची नावं असतात. तुमचा खासदार एखाद्या समितीवर असेल, तर ती यादी पाहा आणि मत मागायला तो दारी आला की त्या बैठकांबद्दल त्याला विचारा.