फेसबुकवर शिव्या खाणारी मालिका टीआरपीत वर कशी राहते?

'आई कुठे काय करते' आठवतेय ना? डिसेंबर 2019 मध्ये स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये संपली. या पाच वर्षांत तिच्या प्रत्येक प्रोमोखाली "बंद करा ही मालिका" अशा कमेंटचा खच पडायचा. मीम्स तर विचारूच नका. तरीही टीआरपीच्या यादीत ती कितीतरी आठवडे वरच्या नंबरात होती.

मग एवढ्या शिव्या घालणाऱ्या लोकांचं मत गेलं कुठे? उत्तर सोपं आहे. ते कुणी मोजलंच नाही.

टीआरपी मोजण्याचं काम आपल्याकडे 2015 पासून 'बार्क' ही संस्था करते. 2020 च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं साधारण 21 कोटी होती. त्या सगळ्या घरांत मोजणी करणं शक्य नाही, म्हणून काही निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. 2020 साली अशी घरं होती सुमारे 44 हजार. म्हणजे तेव्हा एक मीटर जवळपास पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलायचा. ही घरं कुठली, हे गुप्त ठेवतात. तुमच्या घरात मीटर नसेल, तर तुम्ही मालिका बघितली काय आणि टीव्ही फोडला काय, आकडा हलत नाही.

वाहिनीच्या आवाजात एक खूण मिसळलेली असते. आपल्या कानाला ती कळत नाही, मीटर बरोबर पकडतो. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण दिलेलं असतं. टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. पाहुणे आले तर त्यांचीही नोंद करायची. बटण दाबून आजोबा खुर्चीतच डुलक्या घेत असतील, तर तेही प्रेक्षकच.

आता आकडा कसा निघतो ते बघू. समजा 100 माणसं आहेत आणि मालिका अर्ध्या तासाची आहे. 10 जणांनी ती पूर्ण बघितली. 20 जणांनी 15 मिनिटं बघितली, म्हणजे ते अर्धे-अर्धे धरायचे, झाले 10. एकूण 20. टीआरपी 20. बाकीच्या 70 जणांनी ढुंकूनही बघितलं नाही.

यात "आवडली का?" हा प्रश्न कुठेच नाही. आई डोळे पुसत बघतेय, बाबा "काय फालतूपणा लावलाय" म्हणत बघतायत आणि तुम्ही मीमसाठी सीन शोधताय, तिघांची मिनिटं सारखीच. उलट ज्याला मालिका खरंच आवडते, पण जो ती मोबाईलवर ॲपमध्ये बघतो, तो या आकड्यात धरला जात नाही. थोडक्यात, कमेंट करणारे आणि मोजले जाणारे हे बऱ्याच अंशी दोन वेगळे गट आहेत. संध्याकाळी साडेसातला रिमोट कुणाच्या हातात असतो, हे तुमच्याच घरात बघा ना.

हे आकडे दर गुरुवारी येतात. वाहिनीला मिनिटामिनिटाचा हिशोबही मिळतो. खलनायिकेच्या कारस्थानाच्या वेळी आकडा चढला असेल, तर ती पुढचे दोन महिने कुठेही जात नाही. कथा ताणली जाते ती लेखकाला सुचत नाही म्हणून नाही. ताणलेली चालते, हे त्याच्यासमोर कागदावर असतं.

मालिकांच्या बाबतीत ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण बघणारे भरपूर असतात. खरी गडबड होते बातम्यांमध्ये.

बातम्यांच्या वाहिन्यांचा प्रेक्षक मुळात कमी. त्यात भाषा आणि राज्य यानुसार वाटणी केली की एखाद्या वाहिनीच्या वाट्याला मोजकीच मीटरची घरं येतात. अशा वेळी थोड्या घरांत दिवसभर एकच वाहिनी सुरू राहिली, तरी क्रमांक बदलू शकतो. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी नेमका हाच आरोप केला. मीटर असलेल्या घरांना महिन्याला काही शे रुपये देऊन ठराविक वाहिन्या सुरू ठेवायला सांगितलं जात होतं, असं पोलिसांचं म्हणणं होतं. प्रकरण देशभर गाजलं. 2024 मध्ये हा खटला मागे घेतला गेला, त्यामुळे आरोप कोर्टात सिद्ध झालेच नाहीत.

पण बार्कने तेव्हा बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं होतं. ते परत सुरू झाले थेट मार्च 2022 मध्ये, तेही चार आठवड्यांची सरासरी काढून. एका आठवड्याच्या आकड्यावर भरवसा ठेवणं अवघड आहे, हे यातून मान्य केल्यासारखंच झालं. (बार्कची 60 टक्के मालकी वाहिन्यांच्याच संघटनेकडे आहे. धावफलक लिहिणाऱ्यांत खेळाडूही आहेत, हे लक्षात असू द्या.)

ओरडाओरडीच्या चर्चांचं गणितही इथेच आहे. गावोगावी बातमीदार पाठवायला पैसा लागतो. सहा जणांना खिडक्यांमध्ये बसवून भांडायला लावणं त्यापेक्षा खूप स्वस्त. भांडण लागलं की माणूस चॅनेल बदलता बदलता दोन मिनिटं थांबतो, आणि ती दोन मिनिटं मोजली जातात. तुम्ही संतापून ती क्लिप ग्रुपवर टाकली, तर टीआरपी वाढत नाही. त्या क्लिपचे व्ह्यूज मात्र वाढतात, आणि त्याचेही पैसे होतात.

तुमचं म्हणणं वाहिनीपर्यंत पोहोचवायचा एक रस्ता आहे, फक्त त्याची कुणी रील करत नाही. 2021 च्या केबल टीव्ही नियमांनुसार वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जाता येतं. मात्र कार्यक्रमाने प्रसारणाचा कुठला नियम मोडला, ते सांगावं लागतं. 'मालिका रटाळ आहे' हे कारण तिथे चालत नाही.