शिरूर कासार: गुरांच्या दवाखान्याचा पाव शतकाचा हिशेब

१९९९ साली बीड जिल्ह्यातले शिरूर कासार तालुक्याचे ठिकाण झाले. तेव्हापासूनचा काळ तपासला तर इथे गुरांचा खासगी दवाखाना चालेल का, याचे उत्तर जनावरांच्या मोजणीत सापडत नाही. ते जनावराच्या मालकाकडे रोकड कधी असते, यात आहे. दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि गाडीवानांचे बैलही सोबत जातात. बैलाचा खांदा सुजला, पाय लचकला, तर त्यावरचा खर्च कारखान्याच्या तळावर होतो, शिरूरच्या पेठेत नव्हे. गिऱ्हाईकच पाच-सहा महिने गावाबाहेर, आणि परतते तेव्हा अनेकांच्या अंगावर मुकादमाची उचल शिल्लक असते. संकटाच्या वर्षांतही हेच दिसले. २०१९च्या दुष्काळात राज्यातल्या सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या, आणि छावणीतल्या जनावरांवर उपचार करायला पशुसंवर्धन खातेच येत असे. २०२२मध्ये लम्पी आला तेव्हा लस मोफत होती. दुभती गाय दगावली तर ३० हजार, बैल गेला तर २५ हजार रुपये मदत ठरली. हे योग्यच झाले. पण याचा अर्थ असा, की गरज सर्वाधिक असते तेव्हा खासगी डॉक्टरची कमाई सर्वांत कमी असते. याच तालुक्यातल्या दहिवंडीच्या शब्बीर सय्यद यांना गोसेवेसाठी २०१९ची पद्मश्री मिळाली. गुरांवरची माया इथे उदंड आहे. तिच्यावरून बाजारपेठेचा अंदाज बांधणे मात्र चूक.

मग सरकारी दवाखाना पुरेसा आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही, कारण गाय वेळ बघून वीत नाही. रात्री वासराचे पुढचे पाय दिसतात, डोके मागे वळलेले असते. कोपरापर्यंत हात घालून, कळ थांबेल तेवढ्या क्षणात ते सरळ करावे लागते. अशा वेळी मालक फी बघत नाही, पुढच्या आठ-नऊ महिन्यांचे दूध बघतो. दुधाचा पगार ठरलेल्या दिवशी हाती येतो, म्हणून उधारीही वसूल होते. दुसरा आक्षेप स्वस्तात सुई टोचणाऱ्यांचा. १९८४च्या कायद्याने नोंदणीकृत पदवीधरालाच पशुवैद्यकीचा हक्क दिला, पदविकाधारकांना देखरेखीखाली किरकोळ उपचारांपुरती मुभा आहे. तरी गावात आधी हाक जाते ती ओळखीच्या माणसाला. त्याच्याशी दरात स्पर्धा करण्यात हशील नाही. अडलेली केस त्याच्याकडूनच आपल्याकडे यावी, एवढा हातगुण मिळवावा.

शेळीचा विचार सहसा कोणी करत नाही. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये राज्यातला गोवंश सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर घसरला, शेळ्या ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. एका शेळीवर कोणी फारसा खर्च करणार नाही, हे खरे. पण चाळीस शेळ्यांचा मालक लेंड्या तपासून जंताचे औषध आणि वेळेवर लसीकरण, यासाठी वर्षाचा ठराव करू शकतो. तेव्हा पाटी, फ्रीज आणि औषधांचा साठा शिरूरला ठेवावा, दिवस मात्र मोटारसायकलवर दूध संकलन केंद्रांच्या वाटेने काढावा. एका डॉक्टरचे घर त्यावर चालेल. दुसऱ्याने लगेच शेजारी पाटी लावू नये.