मद्यधुंद रुग्ण आणि आपली जबाबदारी

आदिलाबाद जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रसंग परिचित आहे. मध्यरात्र, बेशुद्ध रुग्ण, तोंडाला उग्र वास आणि ‘जास्त झाली आहे, सकाळपर्यंत उतरेल’ असे सांगणारे नातेवाईक. परंतु वास म्हणजे निदान नव्हे. घातक चूक होते ती येथेच.

प्रथम श्वसनमार्ग मोकळा करावा, रुग्णास कुशीवर वळवावे व प्राणवायूचे प्रमाण पाहावे. रक्तातील साखर तत्काळ तपासावी. उपाशीपोटी मद्य घेतल्यास यकृताची साखरनिर्मिती मंदावते. साखर कमी असल्यास ग्लुकोज विनाविलंब द्यावे आणि जुन्या मद्यपीस सोबत शिरेतून थायमिनही. डोक्यावर जखम, बाहुल्यांत असमानता किंवा एका अंगात दुर्बलता असल्यास सीटी स्कॅन लांबवू नये.

आपला प्रदेश कापसाचा आहे. मद्याच्या भरात कीटकनाशक प्राशन केलेला रुग्णही ‘प्यायलेला’ म्हणूनच आणला जातो. टाचणीएवढ्या बाहुल्या, लाळ, घाम व मंद नाडी दिसताच ॲट्रोपिन सुरू करावे.

ताडीचा प्रश्न वेगळा आहे. तेलंगणात तिच्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम व अल्प्राझोलामची भेसळ वारंवार आढळली आहे. क्लोरल हायड्रेटने हृदयाची लय बिघडते. म्हणून ईसीजीवर लक्ष हवे. फ्लुमाझेनिलचा मोह टाळावा, कारण नित्य सेवन करणाऱ्यास त्याने झटके येऊ शकतात. श्वसनास आधार हाच खरा उपचार. २०१५ मध्ये भेसळीविरुद्ध कारवाई होताच राज्यात अनेक रुग्ण नशेमुळे नव्हे, तर ती अचानक तुटल्यामुळे थरथर, भ्रम व झटके घेऊन रुग्णालयांत आले. अशा वेळी बेंझोडायझेपिन देऊन मात्रा हळूहळू कमी करावी लागते.

त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. मिथेनॉलची लक्षणे बहुधा बारा ते चोवीस तासांनी प्रकटतात. अंधुक दृष्टी व खोल, जलद श्वास दिसल्यास इथेनॉल किंवा फोमेपिझोल द्यावे आणि डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे.

काही तासांत शुद्धी सुधारली नाही, तर आपले निदान चुकले आहे असे समजून तपासणी पुन्हा प्रारंभापासून करावी. व्यसनाचा न्यायनिवाडा करणे हे आपले काम नाही. सकाळी तो रुग्ण डोळे उघडेल, हे पाहणे मात्र निश्चितच आपले आहे.